उत्तर घरवालीने द्यायचं

डिचोलीच्या बाजारात मी ज्या कँटीनमध्ये भाजी करते, तिथे अलीकडे सकाळी एकच वाद चालतो. कुणा गायकाने जमिनींच्या विक्रीवर गाणं म्हटलं, ते सगळ्यांच्या मोबाईलवर फिरलं, आणि आता प्रत्येकाला त्यावर काहीतरी म्हणायचं आहे. रोज येणारा रिक्षावाला म्हणतो, गाणाऱ्याने गावं, राजकारणात तोंड घालू नये. त्याच्यासमोर बसणारा लाटंबार्सेचा काजूवाला म्हणतो, मग कोणी घालायचं, तू घालणार काय, तुला पाव बुडवून तोंडात घालायला अर्धा तास लागतो. दोघे हसतात, एकाच ताटलीतली मिरची उचलतात आणि उद्या पुन्हा भांडायला येतात.

परवा रिक्षावाल्याने मलाच मध्ये ओढलं. "बाय, तू सांग. गाण्यात राजकारण होया की नको?"

भाजी आणखी वाढू का, असं मी विचारलं. सगळे हसले आणि विषय दुसरीकडे गेला.

मला काही सांगायचं नव्हतं असं नाही. पण ते एका प्लेटीच्या वेळात सांगून होण्यासारखं नाही, आणि मी इथली नाही. जी इथली नसते तिला बोलण्याआधी दाराकडे बघायची सवय लागते. लिहिताना दार दिसत नाही, म्हणून लिहिते आहे. सातवीनंतर शाळा सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं गाव वाशीमच्या बाजूला. इकडे आले ते भाकऱ्या थापायला. पेडण्यात विमानतळाच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं, तिथल्या कामगारांची मेस माझ्या भावाने घेतली आणि मला बरोबर आणलं. काम संपलं तसा कॅम्प उठला. पत्रे, गाद्या, गॅसच्या शेगड्या ट्रकांत चढल्या आणि मी तापाने पडून होते. भाऊ म्हणाला, बरी झालीस की फोन कर, न्यायला येतो. त्याला दोष देत नाही, त्याच्या पाठी त्याची तीन पोरं. पुढे फोन सणासुदीला येऊ लागले, आणि मग सणही कमी झाले.

त्या रिकाम्या शेडमध्ये मला पहिल्यांदा पाहिलं ते काकीने. ती आमच्या मेसला नारळ आणि भाजी द्यायची. तिचं एक मोठं पातेलं आमच्याकडे राहिलं होतं, ते न्यायला आली होती. पातेल्याशेजारी मी.

"तुका खंय जावचा आसा?" तिने विचारलं.

माहीत नाही म्हटलं.

"मगे राव."

मग राहा, एवढंच. तिचा मुलगा बाहेर जीप घेऊन उभा होता. पातेलं आणि मी एकदमच गाडीत चढलो. हे ती नंतर सगळ्यांना सांगायची, की एक भांडं आणूक गेलंय आणि दोन घेवन इलंय, एक मोठ्या आवाजाचा. मुलाने मला आधी दवाखान्यात नेलं, बाटली चढेपर्यंत बाहेर बसून राहिला. तो नुकताच पंचायतीवर पंच म्हणून निवडून आला होता. पुढे माझा रहिवासाचा दाखलाही त्यानेच करून दिला, एक फेरी मारायला लावली नाही. मी त्याला भाऊ म्हणायचे. हे सगळं मी विसरलेले नाही, आणि पुढचं वाचताना तुम्हीही विसरू नका.

गाव इब्रामपूरच्या पलीकडच्या अंगाला. नाव लिहीत नाही, सगळी माणसं अजून तिथेच राहतात. मला मागची खोली मिळाली. खिडकीला ते लोक जनेल म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं जनेल होतं, आणि त्यातून समोर सगळा डोंगर दिसायचा, काजूंनी भरलेला. काकी शाळेतल्या मास्तरांना आणि रस्त्यावरच्या कामगारांना डबे द्यायची. मी तिच्या हाताखाली लागले.

ती गायची. चूल पेटवताना, नारळ खवताना, अगदी मुलाला हाक मारतानाही चाल लावायची. वाडीतल्या बायकांच्या फुगडीची ती पुढारीण होती. मीही मग माझी भुलाबाईची गाणी काढायचे. आमच्याकडे पोरी भुलाबाई मांडून महिनाभर सासरच्यांची थट्टा करतात, ती गाणी. काकी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझा गाणा सुका. हेका वायच रस घाल." मी माझ्या गावच्या पावसाची गोष्ट सांगायचे, रस कुठून आणू. मग आम्ही दोघी मिळून घालायचो. एक ओळ तिची, एक माझी. कधी लक्षात आलं नाही, पण वाडीच्या फुगडीसाठी नव्या ओळी मीच करू लागले. बायका बाजारात भेटल्या की विचारायच्या, यंदा माझ्या घरावर काय करतीस गो.

ते घरावर करणं म्हणजे काय, ते सांगते. चतुर्थीत वाडीच्या बायका दुपारची जेवणं आटोपल्यावर घरोघर गणपतीसमोर फुगडी घालायला जातात. देवाची गाणी होतात, मग त्या घरावरचं एक गाणं होतं. सगळ्यांनी मिळून प्रश्न घालायचा आणि उत्तर घरवालीने द्यायचं, फेरात हात धरलेले असतानाच. नेवऱ्या कोणी करपवल्या गो? माझ्या सुनेन गो, माझ्या सुनेन. घोव कोणाचो घोरता गो? माझोच गो, माझोच. घोव म्हणजे नवरा. उत्तर येईपर्यंत फेर थांबतो. राग धरायचा नाही. आणि एक नियम काकीने मला पहिल्याच वर्षी सांगितला होता, की गणपतीसमोर खोटं उत्तर द्यायचं नाही. घरवालीने आपल्यावरचं गाणं आधी ऐकायचंही नाही.

गणपतीच्या वर तिकडे माटोळी बांधतात. लाकडी चौकट, आणि तिला नारळ, सुपारीचे घड, रानातली फळं लटकवायची. ती फळं आणायला काकी मला डोंगरावर न्यायची. कुठल्या झुडपात काय मिळतं ते ती चालता चालता सांगायची, मी ओटीत भरायचे. कवंडाळ म्हणून एक फळ असतं, वेलीवर, पिकलं की लालभडक. ते तिला फार लागायचं. म्हणायची, गणपतीला नैवेद्य एक वेळ उशिरा चालेल, पण डोक्यावर कवंडाळ नाही म्हणजे काय.

एका वर्षी डोंगराला कुंपण आलं. आधी लाल खुंट्या दिसल्या, मग तार, मग फाटक. बाहेरच्या कुणीतरी बंगले बांधायला घेतला म्हणाले. पंचायतीत त्यावर मतं झाली होती आणि सही करणाऱ्यांत आमच्या घरचाच पंच होता. फाटकावर वाडीतलाच एकजण वॉचमन लागला. त्या वर्षी माटोळीचं सामान पेडण्याच्या बाजारातून आणलं. प्लास्टिकच्या दोरीने बांधलेल्या जुड्या. काकीने कवंडाळ हातात फिरवून पाहिलं, घेतलं, आणि परत येताना बसमध्ये एकदाही गायली नाही.

शेजारच्या मावशीने मला विहिरीवर गाठलं. डोंगरावर ओळी कर म्हणाली. मी म्हटलं, मावशी, मी त्या घरात जेवते.

"तुका फक्त विचारूचा आसा," ती म्हणाली. "उत्तर तिचा."

रात्रभर विचार करायचं ठरवलं होतं, पण तेवढाही दम मला निघेना. संध्याकाळी नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, कडा मुडपत बसलो होतो तेव्हा मी काकीला सांगून टाकलं, की मावशी अशी अशी म्हणते, करू का नको. काकीच्या हातातली नेवरी पुरी झाली. तिने ती ताटात ठेवली, दुसरी घेतली.

"माका आधी आयकवू नको," ती म्हणाली.

म्हणजे कर, असंच ना? मी तेव्हा तसं धरलं. आजही तसंच धरते.

आमच्या घरची पाळी आली तेव्हा भाऊ, म्हणजे काकीचा मुलगा, बाहेर खुर्चीवर त्याच्या मित्रांबरोबर बसला होता. फेरात माझा एक हात काकीच्या हातात, दुसरा त्या वॉचमनच्या बायकोच्या. मावशीने सुरुवात केली.

माटोळीचा कवंडाळ खंयचा गो?

बाजारचा गो बाजारचा, काकीने दिलं.

डोंगरार कुंपण कोणाचा गो?

परक्याचा गो परक्याचा.

कागदार सही कोणी केली गो?

पाय थांबले. काकीने माझा हात असा धरला की माझीच बांगडी मला रुतली. बाहेरचं बोलणंही थांबलं होतं. ती गणपतीकडे बघत नव्हती, वर माटोळीकडे बघत होती. मग तिने दिलं, सुरात, एक मात्रा न सोडता.

"माझ्या पुतान गो, माझ्या पुतान."

सगळ्या बायकांनी ते उचललं आणि फेर पुन्हा सुरू झाला. शेवटी तिने नेहमीसारखे सगळ्यांच्या हातावर लाडू ठेवले.

भाऊ स्वयंपाकघरात आला तो बायका गेल्यावर. आईशी बोलला नाही, माझ्याशी बोलला, आणि आवाज चढवला नाही. म्हणाला, तुला जे विचारायचं ते मला विचार, ग्रामसभेत उभी राहून विचार, मी उत्तर देईन. पण फुगडीत सगळ्या पक्षांच्या घरच्या बायका असतात. "गाण्यात राजकारण हाडलंस तर उद्या एकमेकींचो हात धरूक कोण येवची नाय."

मी मान खाली घालून ऐकलं. तो चुकीचं बोलत होता असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. कारण दुसऱ्याच दिवशी वॉचमनची बायको फुगडीला आली नाही. कुणीतरी ते गाणं मोबाईलवर धरलं होतं, ते फिरत फिरत डोंगराच्या मालकापर्यंत गेलं, आणि फाटकावर दुसऱ्या गावचा माणूस बसला. ती मला दुकानात भेटली. भांडली नाही. साखर घेता घेता म्हणाली, "तुझा गाणा झाला, माझो घोव घरी बसलो." त्या फेरात माझा दुसरा हात तिच्याच हातात होता. पुढे त्याला काम मिळालं, म्हापशाला, पण ती फुगडीला पुन्हा आली नाही. रिक्षावाला जेव्हा म्हणतो की गाणाऱ्याने गावं, तेव्हा मला ती साखर घेताना दिसते.

मला आता जा म्हणतील, याची मी वाट बघत होते. कपडे पिशवीत भरले, माझी स्टीलची ताटली भरली, पिशवी खाटेखाली सरकवली. जायचं कुठे ते ठरलं नव्हतं. दुपारी काकी केर काढायला खोलीत आली, पिशवी बघितली, तिने आतली ताटली तेवढी काढून नेली. जेवताना मला त्याच ताटलीत वाढलं.

पुढे पंचायतीची निवडणूक आली. एक दिवस भाऊ खोलीच्या दाराशी उभा राहिला. म्हणाला, तुझ्या ओळी लोकांच्या तोंडात बसतात. प्रचाराच्या रिक्षावर लावायला तसंच एक गाणं कर, प्रश्न तुझे, उत्तर आईच्या आवाजात. आईचा आवाज सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

मी म्हटलं, भाऊ, तुम्हीच म्हणाला होता ना.

तो हसला, जरा स्वतःलाच हसला. "ता वेगळा," म्हणाला. मग वर बघून म्हणाला, की या खोलीचं छप्पर गळतं, यंदा ते करून घेऊ.

आता हे बोलणं दोन्ही बाजूंनी ऐकता येतं. तो मनाने चांगला होता, छप्पर गळत होतंच, आणि त्याने ते सहज म्हटलं असेल. पण ज्याच्या डोक्यावर दुसऱ्याचं छप्पर असतं त्याच्या कानाला सहज काही ऐकू येत नाही. मी दिवसभर डबे भरताना मीठ दोनदा घातलं. नाही म्हटलं तर मला जावं लागेल का, आणि हो म्हटलं तर मी त्या मावशीला, त्या साखर घेणाऱ्या बाईला तोंड कसं दाखवू, याच्यापलीकडे डोकं जात नव्हतं. आणि उपकार होते. ते खरेच होते.

मी ओळी केल्या. एक शब्द खोटा घातला नाही, कारण घालायची गरज नव्हती. वाडीत नळ त्याने आणला होता. शाळेचं छप्पर त्याने करून घेतलं होतं.

दुपारी तो मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आला. काकी आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. तिला त्याने आधीच सांगितलं होतं. त्याने मोबाईल मधल्या पाटावर ठेवला आणि मला खूण केली.

वाडयेत नळ कोणी हाडलो गो?

काकी नारळ खवत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा घातला. मग दुसरा घातला.

शाळेर छप्पर कोणी केला गो?

वाटी रिकामी झाली. तिने ती बाजूला ठेवली, आडाळ्याच्या पात्यावरचा खोबऱ्याचा चव बोटाने निपटला.

"तिसरो प्रश्न खंय गेलो?" तिने विचारलं.

भाऊ म्हणाला, आई, दोनच आहेत.

"तिसरोय घाल. मगे तीनय उत्तरां देतंय. तिन्ही तुझीच."

ती रागाने बोलली नाही. जणू तीन भाकऱ्या मागितल्या आणि दोनच वाढल्या, तसं बोलली. भाऊ माझ्याकडे बघत होता. मी तिसरा प्रश्न घालावा की नाही हे त्याच्या चेहऱ्यावर शोधत होते, आणि तिथे ते नव्हतं. थोड्या वेळाने त्याने मोबाईल उचलला आणि बंद केला. जाताना उंबऱ्याशी थांबून म्हणाला, भात वाढ, मला सभेला जायचं आहे.

त्याने म्हापशातल्या कुणाकडून सिनेमाच्या चालीवर गाणं करून घेतलं. तो निवडून आला. आणि माझ्या खोलीचं छप्परही त्याने करून दिलं, बोलल्याप्रमाणे. त्या नव्या कौलांखाली मला झोप लागेना. घरात मायलेकांचं बोलणं माझ्यामार्फत होऊ लागलं. आईला विचार, डाळ आहे का. त्याका सांग, डाळ आसा. दोघांना वाढताना मला वाटायचं, या दोघांच्या मधे बसायची जागा माझी नव्हे. कुणी जा म्हटलं नाही. काकीच्या ओळखीच्या माणसाचं डिचोलीत कँटीन होतं, मी काकीलाच विचारलं, तिथे बोलाल का. ती बोलली. बस येईपर्यंत रस्त्यावर उभी राहिली. तिच्या हातात माझी ताटली, कागदात गुंडाळलेली, मी ती घरीच विसरून आले होते.

डिचोलीत माझी खोली बाजाराच्या वर आहे. लोक चांगले आहेत. मालक वेळेवर पगार देतो, गिऱ्हाईकं चेष्टा करतात ती मायेने करतात. पण चतुर्थी आली की बाजार रिकामा होतो. ज्याला त्याला घर असतं, ती घरं आसपासच्या गावात असतात, सगळे तिकडे जातात. पूल, शटर, बसस्टँड, सगळं थांबतं. लांबून कुठून तरी आरतीत वाजणाऱ्या घुमटाचा, त्या मातीच्या वाद्याचा, आवाज येतो. मी भात लावते आणि ओळी करते. कुणाच्या घरावर करू, म्हणून कँटीनवर करते, रिक्षावाल्यावर करते. प्रश्न होतात. उत्तर द्यायला फेर लागतो.

मागच्या आठवड्यात काकी आली होती, डोळे दाखवायला. एकटीच, बसने. कँटीनमध्ये माझ्यासमोरच्या बाकावर बसली. दोघांचा वाद चालूच होता. रिक्षावाल्याने तिलाही सोडलं नाही, विचारलं, आजी, गाण्यात राजकारण होया की नको. काकीने पाव बुडवला, खाल्ला, त्याच्याकडे जाड चष्म्यातून बघितलं आणि विचारलं, "तुका बायल आसा? ती गाता?"

नाही गात, तो म्हणाला.

"मगे तुका कशाक भिती?"

काजूवाला एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं.

बसस्टँडवर मी तिला विचारलं, यंदा घरावर काय गाणार. ती म्हणाली, आता नेवऱ्यांवरच गातात, दुसरं कुणी विचारत नाही. मावशीच्या गुडघ्यांनी फुगडी सोडली. भाऊ बरा आहे, बोलतो आता, तुझी चौकशी करतो. मग थोडा वेळ आम्ही दोघी पेडण्याची पाटी असलेली बस मागेपुढे होताना बघत राहिलो.

"उत्तर तयार आसा माझा," ती म्हणाली. "विचारणारी हंय इली."

विचारणारी म्हणजे मी, इकडे निघून आलेली. परत चल, असं ती म्हणाली नाही, आणि म्हणाली असती तरी मी गेले असते का ते मला ठाऊक नाही. बसमध्ये चढल्यावर तिने खिडकीतून एक पिशवी दिली. आत खोबरेल, सुकी कोकमं आणि वर एक कवंडाळ, पिकलेलं, देठाला वेलीचा तुकडा. बाजारच्याला देठ नसतो. मी तिच्याकडे बघितलं तर तिने मनगट दाखवलं, तारेचा ओरखडा होता. कुंपणातून हात घातला होता. बस सुटली.

माझ्याकडे गणपती नाही, माटोळी नाही. ते कवंडाळ मी खिडकीच्या खिळ्याला टांगलं. आज चतुर्थी आहे, खाली सगळी शटरं बंद आहेत. भात झाल्यावर मी उभी राहिले, हात धरायला कुणी नव्हतं म्हणून पदर धरला, आणि पहिला प्रश्न घातला. मग दुसरा. मग तिसरा, सहीचा, जरा मोठ्याने.

उत्तर घरवालीचं असतं. मी थांबून राहिले.